मेलेलं झुरळ काढू नका

सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. त्याच्या अगदी पहिल्या खेपेतला एखादा नग आज हाती आला, तळाचे पाच स्क्रू काढले, कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या अलगद सोडवून झाकण बाजूला ठेवलं, की आत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शिस्तीत बसवलेल्या आयसींमध्ये एक चौदा पायांची आयसी चक्क उताणी चिकटवलेली असते. पाय वर, आणि त्या पायांना डाग दिलेल्या बारीक तारा बोर्डावर ठिकठिकाणी गेलेल्या. ब्रिटनमधल्या जाणकारांनी तिला 'मेलेलं झुरळ' असं नाव दिलं. आज चाळीस वर्षांनंतरही तेच नाव चालतं.

जुने संगणक दुरुस्त करायला नव्याने बसलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप कटरकडे जातो. कुणा हौशी पोराने कधीतरी केलेला उद्योग, तो काढून टाकावा आणि यंत्र 'मूळ रूपात' आणावं, असं त्याला वाटतं. पण ते झुरळ कारखान्यातच बसवलेलं आहे. ते काढलं तर यंत्र मूळ रूपात येत नाही, बंद पडतं.

जुन्या संगणकाच्या दुरुस्तीत सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं कुणी विचारलं, तर मी बिघडलेला भाग शोधण्याचं नाव घेणार नाही. अवघड असतं ते आधीच्या माणसांनी आत काय करून ठेवलं आहे आणि का, हे ओळखणं. प्रत्येक जास्तीची तार कधीतरी कुणाला तरी पडलेल्या अडचणीचं उत्तर असते. ती अडचण काय होती हे कळेपर्यंत त्या तारेला हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम मी मानतो. या प्रकरणात तो नियम आपण स्पेक्ट्रमवरच पडताळून पाहू, कारण या यंत्रावर कारखान्याने, दुरुस्ती करणाऱ्यांनी आणि मालकांनी जितके हात फिरवले तितके फार थोड्या संगणकांवर फिरले असतील.

आधी त्या झुरळाचा उगम पाहू. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजमधल्या कंपनीला संगणक स्वस्तात विकायचा होता. १६ केबी मेमरीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना मिळणार होता. हा भाव जमायचा तर आयसींची संख्या कमी ठेवायला हवी होती. यावर सिंक्लेअरकडे एक तोडगा आधीपासून तयार होता. त्यांच्या झेडएक्स८० या १९८०च्या संगणकात २१ आयसी होत्या, पुढच्याच वर्षीच्या झेडएक्स८१मध्ये त्या ४ वर आल्या. ही किमया फेरांटी या ब्रिटिश कंपनीच्या युएलए नावाच्या आयसीची. फेरांटी एकाच नमुन्याच्या आयसी मोठ्या संख्येने आधीच तयार करून ठेवी. त्यांत हजारो छोटे घटक असत, पण ते एकमेकांना जोडलेले नसत. ते कसे जोडायचे हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, आणि त्याप्रमाणे धातूचा शेवटचा थर वर चढायचा. पूर्ण नवी आयसी घडवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडे. रिचर्ड आल्टवासर यांनी स्पेक्ट्रमची रचना केली तीही अशाच एका युएलएभोवती. चित्र पडद्यावर पाठवणं, कीबोर्ड वाचणं, कॅसेटवर माहिती ठेवणं आणि तिथून घेणं, स्पीकर वाजवणं, ही सगळी कामं त्या एकाच तुकड्याकडे दिली होती.

या पद्धतीत एक धोका असतो. आराखड्यात चूक राहिली तर धातूच्या थराचा नमुना पुन्हा बनवावा लागतो, आयसी पुन्हा घडवाव्या लागतात, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. स्पेक्ट्रमच्या पहिल्या युएलएमध्ये, म्हणजे ५सी१०२ क्रमांकाच्या आयसीत, नेमकी तशी चूक निघाली. झेड८० हा प्रोसेसर आणि युएलए यांच्यातला वेळेचा मेळ एका ठिकाणी चुकत होता. तोवर टपालाने मागणी नोंदवून पैसे भरलेली गिऱ्हाइकं वाट पाहत होती. नवीन युएलए येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. मग ७४एलएस००, म्हणजे चार साधी नँड गेट असलेली, कुठल्याही दुकानात मिळणारी आयसी घेऊन ती बोर्डावर उलटी चिकटवली आणि चुकलेला मेळ बाहेरून दुरुस्त केला. झुरळाचा जन्म असा झाला.

सिंक्लेअरच्या घराण्यात ही पद्धत नवी नव्हती. झेडएक्स८१च्या पहिल्या रॉममध्ये गणिताची एक चूक होती. ०.२५चं वर्गमूळ ०.५ यायला हवं, ते १.३५ च्या वर यायचं. तेव्हाही काही यंत्रांत एक छोटं जादा सर्किट बसवून वेळ निभावून नेली होती. स्पेक्ट्रमचा रॉमसुद्धा पुरा झालेला नव्हता. स्टीव्ह विकर्स यांनी लिहिलेल्या त्या १६ केबींच्या रॉमच्या शेवटाकडे हजाराहून अधिक बाइट रिकाम्या आहेत. पुढे सुधारित रॉम येईल या भरवशावर तोच रॉम विक्रीला गेला, आणि सुधारित काही आलाच नाही. म्हणून स्पेक्ट्रमच्या बाबतीत 'मूळ रूप' हा शब्द वापरताना मी जरा थांबतो. ज्या दिवशी हे यंत्र स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या टायमेक्सच्या कारखान्यातून बाहेर पडलं, त्या दिवशीच त्याच्यावर ठिगळं होती.

बोर्डाची दुसरी आवृत्ती, म्हणजे इश्यू २, आली तेव्हा झुरळ गेलं. युएलएचा नवा क्रमांक ५सी११२ झाला. पण तीही अगदी निर्दोष नव्हती. यावेळी झेड८०च्या अंगावरच एक ट्रान्झिस्टर आडवा टाकून त्याचे पाय थेट प्रोसेसरच्या पायांना सोल्डर केले गेले. बोर्डावर त्याला स्वतःची जागा, छापील चौकट, काहीच नाही. इश्यू २च्या हजारो बोर्डांवर तो असाच लोंबकळताना दिसतो, आणि १९८३मध्ये इश्यू ३ आला तेव्हा कुठे असल्या गोष्टींना बोर्डात रीतसर जागा मिळाली. हा ट्रान्झिस्टर पाहून 'हे काय भलतंच' म्हणत तो कापून टाकणारे आजही भेटतात.

आता असं धरू की आपल्या टेबलावर एक इश्यू २चा बोर्ड आहे. तो सुरू होत नाही, आणि आत बऱ्याच उचापती झालेल्या दिसतात. प्रोसेसरवर तो ट्रान्झिस्टर आहे. टीव्हीच्या सॉकेटजवळच्या पत्र्याच्या डबीत काहीतरी कापाकापी झाली आहे. दोन तारा बोर्डावरून निघून खोक्याच्या डाव्या बाजूला गेल्या आहेत. मेमरीच्या आठ आयसी बेसमध्ये बसवलेल्या आहेत, त्यांवरचे शिक्के एकसारखे नाहीत, आणि त्यांच्याजवळच्या जोडावर एक निळी तार डाग देऊन लावलेली आहे. शिवाय खोकं स्पेक्ट्रमचं नाही, स्पेक्ट्रम प्लसचं आहे. मूळच्या रबरी बटणांच्या जागी कडक प्लास्टिकची बटणं. हा नमुना मी अनेक ठिकाणच्या गोष्टी एकत्र करून मांडतो आहे, पण यातली एकेक गोष्ट खऱ्या बोर्डांवर नेहमी सापडते.

वीज देण्याआधी फोटो काढायचे, दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडाला कारण आहे. कारखान्यात बोर्डाचे डाग वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून एकाच वेळी लागतात, त्यामुळे ते एकसारखे दिसतात. हाताने दिलेला डाग जाड असतो, त्याच्या भोवती फ्लक्सचा पिवळट चिकटा राहतो, कधी बाजूची तांब्याची पट्टी उचललेली असते. फोटोत हे फरक नजरेत भरतात, आणि कुठे कुठे माणसाचा हात लागला आहे याचा नकाशाच मिळतो.

मग तारखा वाचायच्या. बहुतेक आयसींवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. ८३१२ म्हणजे १९८३चा बारावा आठवडा. बोर्डावरच्या सगळ्या आयसी १९८२च्या उत्तरार्धातल्या आणि १९८३च्या सुरुवातीच्या असतील, आणि खालच्या मेमरीतल्या तीनच आयसी १९८५च्या असतील, तर त्या तीन नंतर बसवल्या. कारखान्याचा हात कुठे संपतो आणि दुरुस्तीवाल्याचा कुठे सुरू होतो, ते या चार आकड्यांनी जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसऱ्या कशानेही कळत नाही. मला या कामातला सगळ्यांत आनंदाचा भाग हाच वाटतो. भिंग घेऊन तासभर बसलं की बोर्डाचं चरित्र आपोआप उलगडत जातं.

त्या तीन आयसी काय सांगतात ते पाहू. स्पेक्ट्रमची खालची १६ केबी मेमरी ४११६ जातीच्या आठ आयसींची. या आयसींना तीन निरनिराळी व्होल्टेज लागतात: ५, १२ आणि उणे ५. अॅडॉप्टरमधून ९ व्होल्ट येतात. त्यांतून ७८०५ हा रेग्युलेटर ५ व्होल्ट काढतो, आणि उरलेली दोन व्होल्टेज दोन ट्रान्झिस्टर आणि एक कॉइल यांचं छोटं सर्किट तयार करतं. त्यातला टीआर४ हा ट्रान्झिस्टर या यंत्राची दुखरी जागा आहे. संगणक चालू असताना मागच्या पट्टीत जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला की बऱ्याचदा पहिला बळी त्याचा जातो. तो गेला की उणे ५ जातं, आणि उणे ५ नसताना १२ व्होल्ट मिळाले तर ४११६ जळतात. त्यामुळे तीन आयसी बदललेल्या दिसल्या तर मी आधी टीआर४कडे पाहतो. तो जुनाच असेल तर दुरुस्ती अर्धवट झाली असण्याची शक्यता मोठी: मेलेल्या आयसी बदलल्या, मारणारा तिथेच राहिला. अशा बोर्डावर नव्या आयसी लावून वीज दिली तर त्याही जातील.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम वीज न देता मल्टिमीटरने तिन्ही व्होल्टेजच्या वाटा जमिनीशी शॉर्ट आहेत का ते पाहायचं. मग अॅडॉप्टर तपासायचा. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आज घरोघरी पडलेले बहुतेक अॅडॉप्टर याच्या उलटे असतात. जुना मूळ अॅडॉप्टर भाराशिवाय मोजला तर ९च्या जागी १२-१३ व्होल्ट दाखवतो, त्याने घाबरून जायचं कारण नाही, त्याची जातच तशी आहे. जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत कंडेन्सर, सुकलेले किंवा गळलेले असतात. ते सरसकट बदलावेत असं माझं मत आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा कंडेन्सर जपून काही साधत नाही, आणि तो फुटला तर जपण्यासारखं बरंच काही जातं.

इथे एक नवा सापळा आहे. ४११६ आता दुर्मीळ झाल्या, म्हणून काही जण तिथे ४१६४ बसवायचा बेत करतात. ४१६४ला एकटे ५ व्होल्ट पुरतात, ही तिची सोय. पण ४११६च्या ज्या पायावर १२ व्होल्ट येतात, त्याच पायावर ४१६४ला ५ हवे असतात. सरळ बेसमध्ये खोचली की ती तत्क्षणी गेली. पायांची जोडणी बदलूनच ती लावावी लागते. तुमच्या आधी कुणी हे केलेलं असेल, तर खालच्या मेमरीभोवती वाकवलेले पाय आणि कापलेले ट्रॅक दिसतील, आणि त्यांचा अर्थ आता कळेल. त्यापुढे जाऊन 'आता १२ व्होल्ट लागतच नाहीत' म्हणून ते सर्किटच कुणी काढून टाकलं असेल, तर मात्र चित्रातले रंग गेलेले असतील. रंगांचा सिग्नल बनवणारी एलएम१८८९ ही आयसीसुद्धा त्याच १२ व्होल्टवर चालते.

आता वरच्या मेमरीकडे, त्या आठ निरनिराळ्या शिक्क्यांच्या आयसींकडे आणि निळ्या तारेकडे येऊ. स्पेक्ट्रमच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे. ४८ केबीच्या यंत्रात वरची ३२ केबी मेमरी लागते. त्या काळी ६४ किलोबिटच्या आयसी नव्या आणि महाग होत्या, आणि कारखान्यांत त्यांतल्या बऱ्याच सदोष निघत. पण दोष सहसा एखाद्याच भागात असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ओकी या कंपन्या अशा आयसींचा चांगला अर्धा भाग निवडून त्या ३२ किलोबिटच्या म्हणून विकत. सिंक्लेअरने त्याच घेतल्या. म्हणजे स्पेक्ट्रमच्या वरच्या मेमरीतली प्रत्येक आयसी अर्धी नापास आहे. कोणता अर्धा भाग चांगला, हे टेक्सासच्या टीएमएस४५३२ या आयसीवर शेवटी छापलेल्या ३ किंवा ४ या आकड्यावरून कळतं. बोर्डावर तारेचे छोटे जोड आहेत, त्यांनी कोणती कंपनी आणि कोणता अर्धा भाग ते ठरवायचं. आठही आयसी एकाच प्रकारच्या असाव्या लागतात.

१६ केबीचं यंत्र घेऊन नंतर ३२ केबीची वाढीव मेमरी घरच्या घरी बसवणारे लोक खूप होते. तयार संच मिळत, बोर्डात जागा होतीच. आता अशा संचातली एक आयसी वर्षभराने बिघडली, आणि दुरुस्तीवाल्याने ४च्या सात आयसींमध्ये हाताशी होती ती ३ची एक लावली, तर काय होईल? यंत्र चालतं. त्या आयसीचा चुकीचा अर्धा भाग वापरला जातो, पण त्या भागातलेही बहुतेक पत्ते ठीक असतात, थोडीच घरं मेलेली असतात. मग एखादा खेळ ठरावीक ठिकाणी पोचला की कोसळतो, दुसरा खेळ छान चालतो. कॅसेट खराब असेल, टेपरेकॉर्डरचं डोकं मळलं असेल, अशा शंका घेत माणूस महिनोन्महिने काढू शकतो.

सुरू होताना यंत्र स्वतःची मेमरी तपासतं ना, मग त्याला हे का कळत नाही? ती तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. रॉम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतो. त्या क्षणी पडद्यावर काळ्यावर लाल बारीक उभ्या रेघा चमकून जातात, त्या याच. मग तो खालून वर एकेक घर घेतो, त्यातून १ वजा करतो, पुन्हा १ वजा करतो, आणि शून्य आलं की पुढे सरकतो. जिथे हिशेब चुकेल तिथे थांबतो आणि तेवढीच मेमरी आहे असं मानून कामाला लागतो. ही युक्ती सुटसुटीत आहे, पण २, १ आणि ० एवढेच आकडे वापरल्यामुळे बाइटमधले वरचे सहा बिट पूर्ण वेळ शून्यच राहतात. त्यांतला एखादा बिट कायमचा शून्यावर अडकला असेल तर या तपासणीत तो बिनबोभाट पास होतो. प्रत्येक आयसी बाइटमधला एकच बिट सांभाळते, म्हणजे आठांपैकी सहा आयसींचा हा दोष यंत्राच्या नजरेतून सुटतो.

याची दुसरी बाजूही आहे. वरच्या मेमरीत अगदी सुरुवातीला दोष पकडला गेला तर ४८ केबीचं यंत्र मुकाट्याने स्वतःला १६ केबीचं समजतं. पडद्यावर १९८२ सालची तीच सिंक्लेअरची ओळ येते, सगळं आलबेल दिसतं. अशा वेळी बेसिकमध्ये 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' असं विचारावं. ६५५३५ आलं तर ४८ केबी जाग्यावर आहेत, ३२७६७ आलं तर वरचा मजला गायब आहे. मधलाच काही आकडा आला तर दोषाचा नेमका पत्ता मिळाला, आता आयसी शोधायची. इथे दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती कामी येते: संशयित आयसीच्या पाठीवर तशीच चांगली आयसी पाय जुळवून दाबून धरायची. लक्षण बदललं तर गुन्हेगार सापडला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कामं करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

आता ती निळी तार. वरच्या मेमरीत आठही ठिकाणी पूर्ण चांगल्या ४१६४ बसवल्या असतील तर कुठलाही अर्धा भाग निवडला तरी चालतो, आणि हा आजचा सर्वांत सोपा उपाय आहे. इथे तीन व्होल्टेजची भानगड नाही. पण मग प्रत्येक आयसीचा निम्मा भाग रिकामा पडून राहतो, हे ऐंशीच्या दशकातल्या हौशी लोकांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी अर्धा भाग निवडणारा तो जोड कायमचा न ठेवता त्याला स्विच किंवा छोटं सर्किट जोडलं, आणि १६ अधिक ६४ असा ८० केबीचा स्पेक्ट्रम बनवला. तेव्हा जोडावरची तार कुठे जाते ते शेवटपर्यंत पाहायचं. ती नुसती एका बाजूला डाग देऊन संपत असेल तर कुणीतरी तुटलेला जोड सांधला आहे. ती स्विचपर्यंत किंवा एखाद्या जादा आयसीपर्यंत जात असेल, तर तुमच्या हातात कुणाची तरी कल्पक कामगिरी आहे. ती मी काढणार नाही. चालत नसेल तर चालती करीन.

खोक्याच्या डावीकडे गेलेल्या दोन तारांचं कोडं सोपं आहे. पहिल्या स्पेक्ट्रमला ना चालू-बंद करायचं बटण होतं, ना रीसेट. खेळ अडकला की लोक अॅडॉप्टरची पिन उपसत, त्यामुळे तो सॉकेटही सैल झालेला असतो. १९८४च्या ऑक्टोबरमध्ये स्पेक्ट्रम प्लस आला, त्याला रीसेटचं बटण होतं. सिंक्लेअरने जुन्या मालकांसाठी २० पौंडांचा संच काढला: नवं खोकं, नवा कीबोर्ड, आणि रीसेटसाठी घरी सोल्डर करायच्या दोन तारा. म्हणजे इश्यू २चा बोर्ड प्लसच्या खोक्यात सापडला तर कुणी भंगारातून जोडाजोड केली आहे असं धरायचं कारण नाही. ते कंपनीनेच सुचवलेलं काम मालकाच्या हातून झालेलं आहे. भारतातल्या वाचकांना हे खोकं ओळखीचं वाटू शकेल. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लसच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला होता.

युएलए बदलली आहे का, हेही एकदा पाहून घ्यावं. इश्यू २च्या बोर्डात कधीकधी ६सी००१ ही इश्यू ३ची युएलए बसवलेली असते, कारण मूळची मिळेनाशी झाली. बदली चालते, पण तिच्यासोबत आजूबाजूचे काही रेझिस्टर बदलावे लागतात. ते पाहून 'किंमत चुकीची आहे' म्हणून जुने रेझिस्टर परत लावले, तर चित्र आणि कॅसेट दोन्ही बिघडतील. या युएलएमुळे आणखी एक फरक पडतो. कीबोर्ड वाचताना २५४ क्रमांकाच्या पोर्टवरून येणाऱ्या बाइटचा ६ क्रमांकाचा (मोजणी शून्यापासून) बिट इश्यू २वर सहसा १ असतो, इश्यू ३वर ०. कोणतंही बटण दाबलेलं नसताना एकीकडे २५५ येतात, दुसरीकडे १९१. सुरुवातीच्या काही खेळांच्या लेखकांनी पूर्ण २५५च गृहीत धरले, आणि ते खेळ नव्या बोर्डांवर चालेनात. जुना बोर्ड असून जुना खेळ चालत नसेल तर कीबोर्ड उचकटण्याआधी युएलएचा क्रमांक वाचावा.

टीव्हीच्या डबीतली कापाकापी ही या सगळ्यांत तरुण असते, बहुधा गेल्या पंधरा-वीस वर्षांतली. स्पेक्ट्रम आपलं चित्र टीव्हीच्या ३६व्या चॅनेलवर प्रक्षेपित करतो. नवे टीव्ही असले सिग्नल पकडत नाहीत, पकडले तर चित्र धूसर येतं. म्हणून डबीतल्या मॉड्युलेटरला वळसा घालून आतला कंपोझिट सिग्नल थेट बाहेरच्या सॉकेटवर आणतात. दोन तारांचं काम. हा बदल मी स्वतः राखून ठेवायच्या बाजूचा आहे, कारण ज्या यंत्राचं चित्रच पाहता येत नाही ते कुणी चालू करत नाही, आणि चालू न होणारं यंत्र कुणाला शिकवत नाही. फक्त दोन गोष्टी पाहायच्या: डबीतले मूळ घटक तिथेच राहिले आहेत का, आणि सुटी केलेली टोकं कशाला टेकत तर नाहीत ना. पत्र्याला टेकलेल्या एका टोकाने अख्खा बोर्ड बंद पडलेला असू शकतो.

राहिला प्रोसेसरवरचा ट्रान्झिस्टर. ५सी११२ युएलए असेल तर तो तिथेच राहील. त्याचे पाय नीट आहेत का, एकमेकांना टेकत नाहीत ना, डाग सुटला नाही ना, एवढंच पाहायचं. डाग सुटला असेल तर त्याच जागी, तशाच रीतीने पुन्हा द्यायचा.

मग काय काढायचं? मी तीनच गोष्टी काढतो. धोका असेल ते: शॉर्ट होऊ शकणारी तार, उलटा लावलेला कंडेन्सर, खोक्याला आतून टेकणारा धातू. दुसऱ्या दुरुस्तीने निरर्थक झालेलं ते: उदाहरणार्थ, तुटलेल्या ट्रॅकवरची तार, जर आता तो ट्रॅकच नीट सांधला असेल तर. आणि जे स्पष्टपणे चुकीचं आहे ते, जसं ४च्या घोळक्यातली ती ३ची आयसी. काढलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत घालून खोक्यासोबत ठेवायचा. एका कागदावर बोर्डाची आवृत्ती, युएलएचा क्रमांक, कोणती आयसी कोणत्या तारखेची, वरच्या मेमरीचे जोड कसे होते आणि आता कसे आहेत, कोणती तार कुठून कुठे जाते आणि ती कशासाठी असावी असं आपल्याला वाटतं, तिन्ही व्होल्टेजचे मोजलेले आकडे, आणि आपण काय बदललं ते दिनांकासह लिहायचं. जिथे अर्थ लागला नाही तिथे 'अर्थ लागला नाही' असंच लिहायचं. तो कागद घडी करून कीबोर्डच्या खाली, पट्ट्यांना अडथळा होणार नाही अशा बाजूला ठेवायचा, आणि पट्ट्या सरळ धरून त्यांच्या खाचेत बसवायच्या. त्या जुन्या झाल्या की ठिसूळ होतात आणि वाकवल्या की चिरतात. चिरलेल्या असतील तर पट्ट्यांसकट कीबोर्डचा नवा मेंब्रेन आजही तयार करून विकला जातो, तो आणायचा.